पंगतीत आधी कुणाला वाढायचं?

कराडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांचा लॅपटॉप दहा वर्षांचा आहे, रॅम ४ जीबी, आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ या यंत्रावर चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दुकानदार म्हणतो नवा घ्या, नातू म्हणतो लिनक्स टाक. ‘पण लिनक्सचेही पुष्कळ प्रकार आहेत म्हणे. त्यातला सगळ्यात वेगवान कुठला? मला फार काही नको. कळ दाबली की अक्षर उमटावं, एवढंच.’

बाईंनी विचारलं वेगाबद्दल, पण त्यांना हवी आहे ती तत्परता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, इतकंच नाही तर पुष्कळदा त्या एकमेकींच्या आड येतात. जाहिराती आणि चाचण्यांचे तक्ते बहुतेक वेळा वेग मोजतात. आपण संगणकासमोर बसून चिडतो ते मात्र तत्परता नसते म्हणून.

माणसाच्या बाजूने हा हिशेब फार पूर्वी मांडला गेला. आयबीएममधल्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली एका निबंधात संगणकाने किती वेळात उत्तर द्यावं याचा विचार केला. पुढे रूढ झालेले आकडे असे: सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर काम आपल्याच हातून झालं असं वाटतं, एक सेकंद गेला तर विचाराची साखळी जेमतेम टिकते, दहा सेकंद गेले की माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो. १९६८ नंतर यंत्रं कितीतरी पटींनी वेगवान झाली, माणसाचा दहावा भाग मात्र आहे तिथेच आहे.

मग इतकं वेगवान यंत्र अडखळतं का? यासाठी लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणू.

दोनशे पानं मांडली आहेत आणि वाढपी दोनच. वाढप्याने एकेका पानाशी उभं राहून त्या माणसाचं भातापासून जिलबीपर्यंत सगळं उरकायचं आणि मगच पुढे सरकायचं ठरवलं, तर त्याची पायपीट वाचते आणि तासाभरात जास्त लोक जेवून उठतात. पण शेवटच्या पानावरचा माणूस तोवर मीठ-लिंबाकडे बघत बसतो. उलट प्रत्येकाला घासभर वाढत तो सारखा पळत राहिला, तर ताटकळत कुणी राहत नाही, पण पंगत उठायला उशीर होतो, कारण बराच वेळ नुसता चालण्यात जातो. प्रोसेसर एका कामावरून दुसऱ्या कामावर जातो तेव्हा त्यालाही असाच ‘चालण्याचा’ खर्च पडतो: आधीच्या कामाची मांडामांड जपून ठेवायची, नव्याची समोर घ्यायची. रात्रभर हिशेब करणाऱ्या सर्व्हरला पहिली पद्धत मानवते. घरच्या संगणकाला दुसरीकडे झुकावं लागतं.

शिवाय घरच्या पंगतीत दोन तऱ्हेची माणसं असतात. व्हिडिओचं रूपांतर, अपडेट, व्हायरसची तपासणी ही मंडळी अशी, की कितीही वाढा, पान रिकामंच. कळफलक आणि माउस यांना मात्र फक्त चमचाभर तूप हवं असतं, पण हवं तेव्हा लगेच. कुणाला कधी वाढायचं हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, भाग म्हणजे शेड्युलर. इथे मला एका माणसाबद्दल सविस्तर सांगायचं आहे. घरी बसून लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकावर त्याचं थोडंफार ऋण आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे.

डॉ. कॉन कोलिव्हस हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. संगणकशास्त्राची पदवी नाही. लिनक्सच्या कर्नलशी झटापट करता करताच ते सी भाषा शिकले. पोटापाण्याचं काम रुग्णालयात, हे सगळं फावल्या वेळात. भूल देणाऱ्या डॉक्टरचं लक्ष रुग्णाच्या क्षणाक्षणाच्या प्रतिसादावर असतं, सरासरी पाहून त्याला भागत नाही. त्यांचं कर्नलमधलं काम वाचताना मला हे वारंवार आठवतं.

त्यांची तक्रार साधी होती. कर्नलवर काम करणारे बरेचसे लोक मोठ्या सर्व्हर-कंपन्यांच्या पगारावर आहेत, त्यामुळे सुधारणा होतात त्या सर्व्हरच्या. घरी गाणं ऐकत टंकन करणाऱ्याचं गाणं मध्येच तुटतं, त्याचं कुणाला काही नाही. पण नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. भार असताना यंत्र किती तत्पर राहतं हे मोजणारे ‘कॉन्टेस्ट’ आणि ‘इंटरबेंच’ हे प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिले. माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं काम हे. ‘अडखळतंय’ हे जाणवणं झालं. ‘इतके मिलिसेकंद अडखळतंय’ म्हटलं की त्यावर वाद घालता येतो, दुरुस्ती करता येते.

त्या काळचा लिनक्सचा शेड्युलर अंदाज बांधायचा. जे काम बराच वेळ झोपलेलं असतं ते माणसाच्या बोटांची वाट पाहत असणार, म्हणून त्याला झुकतं माप. अंदाज चुकला की पंगतीतला खादाड पाहुणा तूपवाल्यांच्या रांगेत घुसायचा. मार्च २००७ मध्ये कोलिव्हस यांनी नवा शेड्युलर मांडला: अंदाज बांधूच नका, प्रत्येकाला न्याय्य वाटा द्या, तत्परता आपोआप येईल. पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, आधीच्या शेड्युलरचे कर्ते इंगो मोल्नार यांनी ‘न्याय्य वाटा’ याच तत्त्वावर स्वतःचा शेड्युलर लिहून पुढे केला. सीएफएस हे त्याचं नाव. ज्याच्या पानात आतापर्यंत सगळ्यात कमी पडलं आहे त्याला पुढचं वाढायचं, असं त्याचं सूत्र. असं वाटप शक्य आहे हे कोलिव्हस यांनी सिद्ध केलं, याचं श्रेय मोल्नार यांनी घोषणेतच मोकळेपणाने दिलं. पण त्या ऑक्टोबरच्या २.६.२३ आवृत्तीत गेला तो मोल्नार यांचाच शेड्युलर. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांचं म्हणणं होतं की कोड सांभाळणारा माणूस तक्रारी ऐकून घेणारा हवा, आणि त्या बाबतीत त्यांना मोल्नार यांचा भरवसा वाटत होता. टोरवाल्ड्स यांचा मुद्दा मला समजतो. तरीही, ज्याने दार उघडलं तोच उंबऱ्याबाहेर राहिला, ही गोष्ट इतक्या वर्षांनी वाचतानाही टोचते. कोलिव्हस यांनी कर्नलचं काम सोडलं.

दोन वर्षांनी ते परतले. लिनक्स आता ४०९६ प्रोसेसर सांभाळतो, पण पूर्ण पडद्यावर व्हिडिओ सुरळीत दाखवायचं नाव नाही, अशा अर्थाचं एक्सकेसीडी या मालिकेतलं व्यंगचित्र तेव्हा गाजत होतं. कोलिव्हस यांनी बीएफएस हा नवा शेड्युलर आणला तो घरच्या, थोड्या प्रोसेसरच्या यंत्रांसाठी, आणि तसं स्पष्ट सांगून. सगळ्या वाढप्यांना मिळून एकच यादी; प्रत्येक पानाला एक आभासी मुदत; ज्याची मुदत सगळ्यात जवळ त्याचा नंबर आधी. मोल्नार यांनी तो १६ प्रोसेसर दिसणाऱ्या यंत्रावर तपासून नापास केला. कर्नलमध्ये तो कधीच गेला नाही, पण या वादानंतर सीएफएसमधल्या दिरंगाईकडे बारकाईने पाहिलं गेलं आणि ती कमी झाली.

पुढचा टप्पा मला फार आवडतो. पंगतीत एक कुटुंब चौसष्ट माणसं घेऊन आलं आणि शेजारी एक पाहुणा एकटाच बसला, तर पानागणिक समान वाढणं न्याय्य म्हणायचं का? मोठा प्रोग्रॅम बांधायला घेतला की नेमकं असंच घडतं: एकाच कामाची डझनावारी पिल्लं. २०१० मध्ये माइक गॅलब्रेथ यांनी जेमतेम दोनशे ओळींची भर घालून वाटप माणशी न करता कुटुंबागणिक केलं. चौसष्ट पिल्लं धुमाकूळ घालत असतानाही ब्राउझरचं पान अलगद सरकू लागलं. २०११ च्या २.६.३८ पासून ही सोय कर्नलमध्ये आहे.

आणि २०२३ च्या अखेरीस, ६.६ आवृत्तीत, सोळा वर्षं राबलेल्या सीएफएसची जागा पीटर झाइल्स्ट्रा यांच्या ईईव्हीडीएफने घेतली. त्याचा गणिती पाया यॉन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांच्या १९९५ च्या कामातला. सूत्र असं: ज्याचं देणं बाकी आहे तो पात्र, पात्रांमध्ये ज्याची आभासी मुदत आधी संपते त्याला आधी. जो थोडंसंच मागतो त्याची मुदत जवळची, म्हणून चमचाभर तूपवाला पुढे येतो, आणि एकूण वाटा मात्र कुणाचाच वाढत नाही. बीएफएसमधल्या मुदतींशी याचं नातं सख्खं नसेल, पण चुलत नक्कीच आहे.

आता कराडच्या बाईंसाठी याचा अर्थ काय? एक म्हणजे कर्नल ६.६ किंवा त्यापुढचा असावा. लिनक्सच्या प्रकारांपैकी, म्हणजे डिस्ट्रोंपैकी, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे, लिनक्स मिंट २२ हा ६.८ घेऊन आला. ‘खास गेमिंगसाठी’, ‘विजेच्या वेगाचा’ अशा नावांनी फिरणाऱ्या डिस्ट्रोंच्या मागे लागण्याची गरज नाही. गाभा सगळ्यांचा तोच. ६.१२ मध्ये ‘रिअल टाइम’ची सोयही मूळ कर्नलमध्ये आली, वीस वर्षांच्या खटपटीनंतर. ती यंत्रमानवाला आणि ध्वनिमुद्रणाला उपयोगी, कारण ती ठरलेल्या वेळेची हमी देते. तिने टंकन वेगवान होत नाही.

‘आमची डिस्ट्रो नुसती चालू असताना रॅम किती कमी खाते बघा’ या फुशारकीवरही विसंबू नये. रिकामी रॅम काही कामाची नसते, आणि ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की ती बचत कुठल्या कुठे जाते. तरीही ४ जीबीवर डेस्कटॉप हलका हवा. एक्सएफसीई हा माझ्या पसंतीचा. तो मिंट आणि डेबियन दोन्हींत मिळतो. यंत्र इतकं जुनं असेल की प्रोसेसर ३२-बिटचा आहे, तर डेबियन १३ त्यावर बसवता येत नाही, तिथे अँटीएक्स बघावा.

पण सगळ्या शेड्युलरांची मती गुंग करणारी वस्तू बाईंच्या लॅपटॉपच्या पोटात आहे: ती फिरणारी हार्ड डिस्क. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी एक फेरा ११ मिलिसेकंदांत पुरा करते. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात सुईच्या सरकण्याचा वेळ. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभरसुद्धा होत नाहीत. फिरता भाग नसलेली एसएसडी तेच हजारोंनी वाचते. रॅम भरली की यंत्र जास्तीचं सामान याच तबकडीवर नेऊन ठेवतं, आणि मग वाढपी कितीही शहाणा असो, स्वयंपाकघर चार गल्ल्या पलीकडे. आमच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर कान ठेवला की ती सुई ऐकू यायची, कट-कट-कट, आणि तेवढा वेळ पडद्यावरचा बाण थिजलेला. झाकणाचे स्क्रू काढून एसएसडी बसवली. पंधरा मिनिटांचं काम. त्यानंतर जो फरक पडला तो ऑपरेटिंग सिस्टिम बदलून पडलेल्या फरकापेक्षा किती तरी मोठा होता. म्हणून खर्चाचा पहिला रुपया तिथे. मग झेडरॅम सुरू करावं: जास्तीचं सामान डिस्कवर न नेता रॅममध्येच घडी घालून ठेवायची ही युक्ती. फेडोरा या डिस्ट्रोने २०२० पासून ती आपणहून चालू ठेवली आहे. डेबियनमध्ये त्यासाठी एक छोटं पॅकेज घालावं लागतं.

तत्परतेचं वेड ज्याच्या हाडीमाशी भिनलं आहे अशी एक प्रणाली राहिली. जाँ-लुई गासे यांच्या कंपनीची बीओएस नव्वदच्या दशकात एकाच वेळी अनेक व्हिडिओ चालवत खिडक्या इकडून तिकडे ओढून दाखवायची, कारण तिथे प्रत्येक खिडकीला पंगतीत स्वतःचं वेगळं पान होतं. अ‍ॅपलने तिला विकत घ्यायचा विचार केला आणि १९९६ अखेरीस नेक्स्ट या कंपनीला पसंती दिली. २००१ मध्ये बीओएस १.१ कोटी डॉलरला पाम या कंपनीकडे गेली, आणि त्याच वर्षी चाहत्यांनी ती पहिल्यापासून मुक्त स्रोतात लिहायला घेतली. तिचं नाव हायकू, कारण बीओएसचा ब्राउझर चुकीचा संदेशही हायकूत द्यायचा! पाचवा बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आला. रोजच्या कामासाठी मी ती बाईंना सुचवणार नाही, पण पेन ड्राइव्हवरून एकदा चालवून बघाच.

मिंट आणि डेबियनही पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवता येतात. बाई, मिंट एक्सएफसीई तसा सुरू करा. सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मोजू नका, पेन ड्राइव्हवरून तो लागणारच. दोन-तीन जीबीची एखादी फाइल नक्कल करायला लावा, ब्राउझरमध्ये गाणं लावा, आणि लिहायची खिडकी उघडून देवनागरी इन्स्क्रिप्ट कळफलकावर नातवाला पत्र लिहायला घ्या. अक्षरं ज्या लोहित फाँटमध्ये दिसू शकतील तो मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेला, रेड हॅटने सगळ्यांसाठी मोकळा केलेला आहे. तिसऱ्या-चौथ्या ओळीवर आलात की पडद्याकडे न बघता एक लांबसा शब्द टंकून टाका आणि मग मान वर करा. शेवटचं अक्षर तुमच्या आधी तिथे पोचलेलं असेल, तर हीच ठेवा.