संगणकीय खात्यांची निगा : परवाने आणि दुहेरी पडताळणी

शासकीय कर्मचारी सेवानिवृत्त होतो तेव्हा कपाटाच्या किल्ल्या, ओळखपत्र आणि ग्रंथालयाची पुस्तके त्याच्याकडून परत घेतली जातात. त्याच्या नावाचे संगणकीय खाते बंद करणे मात्र अनेकदा राहून जाते. डिचोलीच्या एखाद्या शाळेतील गुरुजी निवृत्त होतात, शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार होतो आणि त्यांचे खाते, त्यातील पत्रव्यवहारासह, मागे तसेच उघडे राहते. अशा खात्यामुळे संस्थेचे दुहेरी नुकसान संभवते.

पहिले नुकसान पैशाचे. मायक्रोसॉफ्ट ३६५ सारख्या सेवेत ई-टपाल, लेखन, हिशेबाचे तक्ते इत्यादी साधने वापरावयाची तर प्रत्येक व्यक्तीच्या नावे एक परवाना द्यावा लागतो. शिक्षणसंस्थांसाठी यातील काही परवाने विनामूल्य आहेत. इतर बहुतेक परवान्यांना माणशी शुल्क पडते. समजा, एखाद्या खात्याने शंभर परवाने घेतले आणि त्यांपैकी दहा निवृत्तांच्या नावे अडकून पडले, तर नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला ‘परवाना शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते आणि दहा नवे परवाने खरेदी करण्याचा प्रस्ताव तयार होतो. वस्तुतः खरेदीची काहीच गरज नसते.

दुसरे नुकसान याहून गंभीर आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला. ह्यूस्टनपासून न्यूयॉर्क बंदरापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर पसरलेली तिची तेलवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली, पूर्व किनाऱ्यावरील पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली. हल्लेखोर आत शिरले ते दूरस्थ प्रवेशाच्या, वापरात नसलेल्या एका खात्यातून. त्या खात्याला केवळ सांकेतिक शब्दाचे कुलूप होते. दिव्याखालीही अंधार असतोच. नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या एका जुन्या चाचणी-खात्यातून घुसखोरी झाली आणि त्या खात्यालाही दुसरी पडताळणी लावलेली नव्हती.

ही दुसरी पडताळणी म्हणजे काय, हे बँकेच्या ग्राहकाला निराळे सांगावयास नको. माणसाला ठाऊक असलेली गोष्ट, त्याच्याजवळ असलेली वस्तू आणि त्याच्या शरीराची खूण या तीन प्रकारांपैकी किमान दोन पुरावे मागणे, हे तिचे तत्त्व. पैसे काढण्याच्या यंत्रात कार्ड घालून गुप्त क्रमांक दाबणारा शेतकरी हेच करीत असतो. इंटरनेटवरून कार्डाने होणाऱ्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून असा अधिकचा पुरावा बंधनकारक केला.

कार्यालयीन खात्यांसाठी बहुधा मोबाइलमधील ‘ऑथेंटिकेटर’ वापरतात. त्याच्या एका प्रकारात दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी क्रमांक दिसतो. हा क्रमांक बाहेरून येत नाही. खाते प्रथम जोडताना मोबाइल व सेवा यांच्यात एक गुप्त किल्ली ठरते. ती किल्ली आणि घड्याळातील वेळ यांवरून दोन्ही बाजू एकच गणित स्वतंत्रपणे मांडतात. त्यामुळे डोंगराआडच्या शाळेत मोबाइलला संपर्क नसला तरी क्रमांक मिळतो. ज्यांच्याजवळ असा मोबाइल नाही, त्यांना संगणकाला जोडावयाची छोटी सुरक्षा-किल्ली देता येते. त्यांना वगळून ठेवणे हा उपाय नव्हे.

आता प्रश्न उरतो तो शेकडो खात्यांचा. पडद्यावरील चौकटी उघडून एकेक नाव तपासण्यात दिवस जातात आणि दुपारनंतर डोळे चुकू लागतात. म्हणून व्यवस्थापक ‘पॉवरशेल’ या मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेल्या साधनाचा उपयोग करतात. त्यात आज्ञा टंकून द्यावयाच्या असतात, आणि अशा आज्ञांची मालिका लिहून ठेवली की तीच स्क्रिप्ट होते. आस्थापना शाखेने नावांची यादी तक्त्यात द्यावी. स्क्रिप्ट तीतील एकेक ओळ वाचून काम करते. परवाना देण्यापूर्वी प्रत्येकाच्या नोंदीत देश लिहिलेला असावा लागतो. भारतासाठी ‘आय-एन’ ही दोन अक्षरे. ती नसतील तर परवाना लागतच नाही, आणि नवशिक्याचा अर्धा दिवस त्यातच जातो. परवान्याच्या आज्ञेत ‘द्यावयाचे’ आणि ‘काढावयाचे’ अशा दोन याद्या असतात. एक रिकामी असली तरी ती रिकामी म्हणून लिहावी लागते.

जुन्या टिपणवहीतील स्क्रिप्ट जशीच्या तशी उतरवू नये. पूर्वी प्रचलित असलेला ‘एमएसऑनलाइन’ हा आज्ञासंच २०२५ मध्ये बंद झाला असून त्याची जागा ‘मायक्रोसॉफ्ट ग्राफ’च्या आज्ञांनी घेतली आहे.

आज्ञा यादीतील चूक ओळखत नाही. यादीत एक ओळ सरकली तर निवृत्ताऐवजी मुख्याध्यापकांचा परवाना निघेल. म्हणून आज्ञेच्या शेवटी ‘व्हॉट-इफ’ हा शब्द जोडून प्रथम रंगीत तालीम घ्यावी. तेव्हा संगणक काय करणार ते केवळ सांगतो, प्रत्यक्षात काही बदलत नाही. त्यानंतर दोन-तीन नावांवर प्रयोग करून मगच पूर्ण यादी चालवावी. परवाना काढल्यानंतर टपालपेटीतील मजकूर साधारणतः ३० दिवस राखला जातो आणि पुसलेले खातेही तेवढ्याच मुदतीत परत आणता येते. नंतर हळहळून उपयोग नाही. निवृत्ताचा प्रवेश त्याच दिवशी रोखावा, आवश्यक पत्रव्यवहार उत्तराधिकाऱ्याकडे सोपवावा आणि मगच परवाना मोकळा करावा, हा क्रम सोयीचा.

पडताळणी सर्वांना लागू करतानाही व्यवस्थापक स्वतःच बाहेर अडकण्याचा धोका असतो. त्यासाठी आपत्कालीन उपयोगाची किमान दोन खाती ठेवावीत. त्यांच्या सुरक्षा-किल्ल्या वेगवेगळ्या ठिकाणी, कुलुपात असाव्यात. कोणी मोबाइल हरवल्याचे कळवून नवी जोडणी मागितली, तर केवळ दूरध्वनीवरील आवाजावर विश्वासू नये. ओळखपत्र पाहून, मुख्याध्यापकांमार्फत खात्री करून मगच जुनी जोडणी काढावी.

दर महिन्याला परवानाधारकांची यादी एका आज्ञेने काढता येते. ती त्या महिन्याच्या वेतनपत्रकाशेजारी ठेवली की ज्यांचे नाव एकीकडे आहे पण दुसरीकडे नाही, अशी खाती लगेच नजरेस येतात. हा ताळा पाहण्यास संगणकतज्ज्ञ लागत नाही. वेतनपत्रक तयार करणारा लिपिक पुरेसा आहे.