कुत्र्यावरून रोज एकदा हात फिरवा. दहा मिनिटांत कळतं बरंच काही

दारात कुत्रा बांधलेला असतो. सकाळी दूध-भाकरी, रात्री उरलंसुरलं मिळतं. अनोळखी कुणी आलं की भुंकतो, घरची गाडी वळणावर आली की शेपटी हलवायला लागतो. घरात सगळ्यांचा त्याच्यावर जीव असतो, पण दिवसभरात त्याच्या अंगाला हात मात्र कुणी लावत नाही. मग एक दिवस तो जेवत नाही. ‘पोट बिघडलं असेल’ म्हणत दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त येतं आणि डॉक्टर शोधायची धावपळ सुरू होते.

हा गोचीडतापाचा नेहमीचा प्रवास आहे. बेळगाव असो, फोंडा असो की इंदूर, दमट आणि उबदार हवेत गोचिडांचं फावतं. पाऊस थोडा उघडला, ऊन पडू लागलं की त्यांची संख्या वाढलेली दिसते. वेळेत कळलं तर हा आजार बहुतेक वेळा बरा होतो. उशीर झाला तर कुत्रा दगावतो. मधला फरक महागड्या खाद्याचा किंवा मोठ्या दवाखान्याचा नसतो, तर रोज दहा मिनिटं कुणी त्याच्याजवळ बसतं की नाही, याचा असतो.

हात कुठून कुठे फिरवायचा?

सुरुवात डोक्यापासून करायची. कानाची पाळी उलटून आत बघा. लाली, काळा मळ, आंबूस वास असेल तर कानात जंतू झालेत असं समजावं. पावसाळ्यात लांब लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना हा त्रास जास्त होतो. त्यानंतर ओठ वर करून हिरड्या बघायच्या. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. हिरडी मुळातच फिकट, पांढरट किंवा पिवळसर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा.

मग मानेवरचा पट्टा काढून त्याखालची कातडी चाचपायची. तिथून बगल, छाती, पोट, जांघ, शेपटीखाली आणि शेवटी चारी पायांच्या बोटांच्या बेचक्यात. गोचीड लपतात त्या नेमक्या याच जागा. केस दाट असतील तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण बोटाला मुगाएवढी गाठ लगेच लागते. फुगलेली मादी तर वाटाण्याएवढी होते.

गोचीड दिसला की चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरायचा आणि सरळ ओढून काढायचा. पिळायचा नाही, बोटाने चिरडायचा नाही. काढलेला गोचीड स्पिरिटमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात टाकावा आणि हात धुवावेत. रॉकेल, डिझेल लावणं किंवा काडीने चटका देणं हे उपाय कुत्र्याची कातडीच भाजतात.

रोजच कशाला, आठवड्यातून एकदा चालणार नाही का?

चालणार नाही, कारण गोचीड चिकटल्यावर काही तासांतच रोगाचे जंतू रक्तात पोहोचू शकतात. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे त्यातले दोन मुख्य. एर्लिकियात रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात. बॅबेसियात तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी गडद, कॉफीसारखी होऊ शकते. ताप, सुस्ती, खाण्यावरची वासना उडणं ही दोन्हींची सुरुवातीची लक्षणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे माणसापेक्षा जास्तच असतं. त्यामुळे ‘अंग गरम लागतंय’ एवढ्यावरून ताप ठरत नाही. नाक ओलं की कोरडं यावरूनही नाही. पण रोज ज्याचा हात फिरतो त्याला ‘आज काहीतरी वेगळं आहे’ हे चटकन कळतं.

रक्त तपासून निदान झालं की औषध मिळतं. एर्लिकियाचा औषधोपचार साधारण चार आठवडे चालतो. कुत्रा आठवड्यात उड्या मारायला लागला म्हणून गोळ्या बंद करू नयेत. अर्धवट सोडलेला आजार आत दबून राहतो आणि पुढे काही महिन्यांनी डोकं वर काढतो.

गोचीड अंगावर कमी, घरात जास्त

कुत्र्यावर आढळणारा तपकिरी गोचीड घरातच वाढतो. मादी पोट भरलं की खाली उतरते, भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे, पोत्याच्या शिवणीत हजारो अंडी घालते. म्हणून फक्त कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही. त्याचं पोतं किंवा चादर दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायची. तो बसतो त्या कोपऱ्यातल्या भेगा बुजवायच्या.

औषधांमध्ये मानेवर सोडायचे थेंब, वजनानुसार द्यायच्या चघळण्याच्या गोळ्या आणि औषधी पट्टे मिळतात. कुठलं द्यायचं ते डॉक्टर वजन आणि वय बघून सांगतात. गोठ्यातल्या गाई-म्हशींसाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावणं किंवा टोचणं मात्र धोक्याचं आहे. चुकीच्या मात्रेने झटके येतात, जीवही जातो. घरात मांजर असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं. कुत्र्याला चालणारी काही औषधं मांजराला विषासारखी आहेत.

बरगड्या मोजाव्यात की लागाव्यात?

हात पाठीवरून खाली आणला की कुत्र्याचं वजनही समजतं. लॅब्रेडोरसारख्या कुत्र्याच्या बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या बोटाला लागायला हव्यात. दाबूनही लागत नसतील तर तो लठ्ठ झालाय.

सीमाभागातल्या लोकांना मात्र इथे एक अपवाद माहीत असायला हवा. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचं, म्हणजे पूर्वीच्या घोरपडे संस्थानाचं नाव ज्याला मिळालं तो मुधोळ हाउंड मुळातच सडपातळ असतो. महाराष्ट्रात याच जातकुळीला कारवानी म्हणतात. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट ही त्याची ठेवण, उपासमार नव्हे. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढलं. ‘किती वाळलाय’ म्हणत त्याला भात आणि तूप चारून जाड करणं म्हणजे पळण्यासाठी घडलेल्या जनावराला आजारी पाडणं. त्याला खाण्यापेक्षा मोकळं धावणं जास्त लागतं. चोवीस तास साखळीला बांधला तर तो चिडका तरी होतो, नाहीतर मुकाट तरी.

ताटातलं सगळं त्याचं नाही

आपल्याकडे कुत्रा घरच्या अन्नावर वाढतो आणि त्यात गैर काही नाही. फक्त नुसती भाकरी किंवा नुसता भात पुरत नाही. अंडं, मीठ-मसाला न घातलेलं शिजवलेलं चिकन, थोडं दही यातून प्रथिनं मिळायला हवीत. दूध सगळ्यांना पचत नाही. पिल्लू मोठं झाल्यावर दुधाने वरचेवर हगवण लागत असेल तर दूध बंद करून बघावं.

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. त्यामुळे मटणाचा रस्सा किंवा फोडणीची आमटी भातावर ओतून रोज देणं ही माया नव्हे. शिऱ्यातले बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चॉकलेटही विषारीच. शिजवलेल्या हाडाच्या कपच्या होतात आणि त्या आतडं फाडू शकतात. रविवारच्या मटणाची नळी त्याच्यापुढे टाकण्याआधी हे आठवावं.

लसीचं कार्ड देवघराइतकं जपा

रोज अंगाला हात लावायचा तर लसीकरण पूर्ण हवं. पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास, वर्षाने बूस्टर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात पसरणारा लेप्टो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. पावसाच्या पट्ट्यात त्याचीही लस विचारून घ्यावी. जंतांचं औषध पिल्लाला लहानपणी वरचेवर आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी.

सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नये. पार्व्होने रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं.

रेबीजच्या बाबतीत शेजारच्या गोव्याने वाट दाखवली आहे. तिथे पाळीव आणि भटक्या, दोन्ही कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली आणि २०२१ मध्ये राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झालं. राज्याची हद्द कुत्र्याला कळत नाही. त्यामुळे सीमेच्या अलीकडचा प्रत्येक लस घेतलेला कुत्रा पलीकडच्यांनाही जपतो. नातेवाइकांकडे कोल्हापूर, पुणे, गोव्याला कुत्रा न्यायचा झाला तरी रेल्वेत आणि इतरत्र लसीचं कार्ड दाखवावं लागतं.

कुत्रा चावला, अगदी घरचा चावला तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. थेट दवाखाना गाठून डॉक्टर देतील त्या तारखांना सगळे डोस पूर्ण करायचे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

तपासणी आणि सोबत एकच

या दहा मिनिटांचा कुत्र्याला होणारा फायदा नुसता गोचिडांपुरता नाही. पंजा धरणं, कान उलटणं, तोंड उघडणं याची ज्याला पिल्लूपणापासून सवय आहे, तो टेबलावर डॉक्टरला चावायला धावत नाही. नखं कापू देतो. म्हातारपणी सांधे दुखायला लागले की कुठे हात लावल्यावर तो अंग चोरतो हे घरच्यांना कळतं. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं हेच संप्रेरक.

हे काम घरातल्या कुणालाही जमतं. संध्याकाळी शाळेतून आलेलं मूल, आजी, आजोबा, कुणीही. मुलांना एवढंच शिकवायचं की तो खात किंवा झोपलेला असताना हात लावायचा नाही, आणि तो उठून बाजूला गेला तर मागे लागायचं नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी बसलं की चार-आठ दिवसांत कुत्राच येऊन पुढ्यात आडवा होतो.

त्याला बोलता येत नाही, म्हणून दुखतं कुठे ते बोटांनीच विचारावं लागतं. रोज विचारलं तर उत्तर वेळेत मिळतं.