गोळी तीच, मग रक्त पुन्हा पुन्हा का तपासायचे?

एका भगिनीने आम्हांला विचारले, "मुलाचा आजार आवरला, तो कामावर जातो. तरी डॉक्टर दर काही महिन्यांनी रक्त तपासायला लावतात. आमचा एक रोज बुडतो. हे कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. मुलाला लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. कधी झोप न लागता बडबड आणि उधळपट्टी, तर कधी अंथरूण न सोडणारी खिन्नता, अशा आजारावर त्या देतात.

रक्तातून हा आजार सापडत नाही. रक्तात मोजतात ते औषध. लिथियम हा एक क्षार. पुरेसा आणि घातक यांत अंतर फार थोडे. शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी रक्त घेतात. आकडा बहुधा ०.६ ते १.० च्या दरम्यान हवा. खाली गेला तर आजार डोके वर काढतो, १.५ च्या वर गेला तर विषबाधेचा धोका.

ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४८ मध्ये पाच वर्षे उन्मादात असलेल्या एका रुग्णाला लिथियम दिले. तो सुधारून घरी गेला, जुन्या कामावर लागला. मग त्याने औषध सोडले आणि आजार परतला. पुन्हा औषध सुरू झाले, पण १९५० मध्ये त्याच लिथियमच्या विषबाधेने तो गेला. त्या काळी रक्तातले प्रमाण मोजण्याची रीत रुळलेली नव्हती.

आता आपल्या घराकडे वळू. उन्हात पाटी वाहणाऱ्याचा घाम जातो, जुलाब लागतात, कुणी एकदम मीठ तोडते. अंगातले मीठ-पाणी घटले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच, रक्तातला आकडा मात्र चढतो. पाठ दुखली म्हणून दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकनेही तेच होते.

मग हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, जीभ जड होते, तोल जातो. शेजारी म्हणतात, पिऊन आला. घरचे म्हणतात, पुन्हा वेड लागले. आणि बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही कुणी गुपचूप भगताकडे जाते, हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

लिथियममुळे थायरॉइड मंदावू शकते. मग सुस्ती येते, वजन वाढते, खिन्नता परतल्यासारखी वाटते. म्हणून थायरॉइड आणि मूत्रपिंडाचीही तपासणी सांगतात.

तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, तर पुढची गोळी देऊ नका. गोळ्यांचे पाकीट आणि मागचा रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा.