अमेरिकेचीं जुनीं ताम्रपदकें : अस्सल छाप व फेरछाप

राष्ट्र अद्याप जन्मास यावयाचें होतें, तोंच त्याच्या पहिल्या पदकाचा ठराव झाला! मार्च १७७६ मध्यें इंग्रजी फौजेस बोस्टन शहर सोडावें लागलें, आणि २५ मार्च रोजीं काँग्रेसनें सेनापति वॉशिंग्टन यांस सुवर्णपदक देण्याचें ठरविलें. त्याचे ठसे पॅरिस येथें द्युव्हिव्हिए यानें कोरले, व पदक वॉशिंग्टन यांच्या हातीं पडावयास १७९० साल उजाडलें.

मध्यंतरीं बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७८३ सालीं पॅरिसमध्येंच द्युप्रे याजकडून ‘लिबर्टास अमेरिकाना’ हें पदक करविलें. एका बाजूस मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी. दुसऱ्या बाजूस दोन सर्पांचा गळा आवळणारा बालक हर्क्युलीस. आपणांस येथें बालकृष्णाचें स्मरण व्हावें. ते सर्प म्हणजे सॅराटोगा व यॉर्कटाउन येथें शरण आलेल्या दोन इंग्रज सेना, आणि ढाल धरून बालकाचें रक्षण करणारी मिनर्व्हा म्हणजे फ्रान्स. सोन्याचीं पदकें राजाराणीस गेलीं. संग्राहकांचा जीव मात्र तांब्याच्या पदकांत गुंतला आहे.

परंतु येथेंच सावध असावें लागतें. ठसे टांकसाळींत जपून ठेवले, म्हणजे मागणी येईल तेव्हां त्यांतून पुन्हां पदकें पाडतां येतात. हीच फेरछाप. ती खोटी नव्हे. फेरछाप अस्सल म्हणून विकणें, ही लबाडी होय.

ओळखावें कसें? प्रथम कड पाहावी. १८३२ पासून पॅरिसची टांकसाळ कडेवर खूण उमटवूं लागली: आरंभीं दिवा, १८४५ ते १८६० हाताचा पंजा, १८६० ते १८७९ मधमाशी, १८८० पासून समृद्धीचें शिंग. परंतु खूण कानशीनें घासून टाकतां येते. म्हणून पृष्ठभागही तपासावा. ठसा गंजला कीं त्यास खळगे पडतात, व ते पदकावर बारीक उंचवट्यांच्या रूपानें उमटतात. ठशास तडा गेल्यास पदकावर उंच रेघ येते. विजेच्या साहाय्यानें बनविलेली प्रतिकृति दोन पातळ कवचें जोडून केलेली असल्यास कडेवर सांधा दिसतो.

आणखी एक गोष्ट. घरांतील तांब्याभांड्यांप्रमाणें पदक चिंचेनें घासूं नये. जुनी तपकिरी झांक एकदां गेली, कीं पदकाची निम्मी साक्ष गेली.

ही साक्ष किती मोलाची, हें मॉर्गनच्या पदकावरून कळतें. १७८१ च्या काउपेन्स येथील विजयाबद्दल त्यास मिळालेलें सुवर्णपदक १८१८ सालीं चोरीस गेलें. पुढें वारसांसाठीं १८३९ मध्यें दुसऱ्या कारागिराकडून नवे ठसे कोरवावे लागले. द्युप्रेचा मूळ हात आज पाहावयाचा, तर तो मूळ ठशांच्या थोड्या ताम्रपदकांत दिसतो. सोन्यावर चोराची नजर गेली. इतिहास तांब्यानें राखला.