मेमरी कार्ड रीडर

मेमरी कार्ड रीडर हे मेमरी कार्डावर साठवलेली माहिती संगणकाला वाचता यावी यासाठी वापरले जाणारे उपकरण आहे. चित्रीकरण संपल्यावर कॅमेऱ्यातील कार्ड काढून ते या उपकरणात बसवले जाते. कार्डावरील चित्रण संगणकावर उतरवून घेतल्यानंतर संपादनाला सुरुवात होते.

स्वरूप

काही संगणकांत कार्ड रीडर अंगभूत असतो. इतर संगणकांना तो यूएसबीद्वारे जोडतात. जोडल्यावर कार्ड पेन ड्राइव्हप्रमाणे स्वतंत्र ड्राइव्ह म्हणून दिसते. कॅमेरा थेट केबलने जोडूनही चित्रण उतरवता येते. मात्र त्यात कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होते व तेवढा वेळ कॅमेरा अडकून पडतो. रीडर वापरल्यास दुसरे कार्ड घालून चित्रीकरण चालू ठेवता येते.

कार्डे व वेग

एसडी कार्ड सॅनडिस्क, पॅनासॉनिक व तोशिबा या कंपन्यांनी १९९९ मध्ये विकसित केले. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांना एसडीएचसी, तर त्यापुढील २ टीबीपर्यंतच्या कार्डांना एसडीएक्ससी म्हणतात. केवळ एसडीएचसीसाठी बनवलेल्या जुन्या रीडरमध्ये एसडीएक्ससी कार्ड चालेलच असे नाही.

सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले चित्रण तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेते. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड साधारण ८५ मिनिटांत भरते. यूएसबी २.० रीडरवर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबी वेग मिळाला, तर असे कार्ड उतरवण्यास अर्धा तास लागतो. यूएसबी ३.० रीडर व वेगवान कार्ड यांच्यामुळे ९० एमबी वेग मिळाल्यास हेच काम सुमारे १२ मिनिटांत होते. कार्ड, रीडर, यूएसबी जोडणी व हार्ड डिस्क यांपैकी जो घटक सर्वांत मंद असेल, त्याच्या वेगावर एकूण वेग ठरतो.

चित्रण उतरवण्याची पद्धत

एसडी कार्डाच्या कडेची सरकती कळ 'लॉक' स्थितीत ठेवल्यास कार्डावरील चित्रण चुकून पुसले जाण्याचा धोका कमी होतो. ही कळ केवळ संकेत देते. तो ओळखून लेखन थांबवणे रीडर व संगणकावर अवलंबून असते.

कार्डावरील संपूर्ण फोल्डररचना जशीच्या तशी उतरवतात. एव्हीसीएचडीसारख्या प्रकारांत चित्रणासोबत क्रम व कालावधीची माहिती देणाऱ्या वेगळ्या फाइल असतात. त्याचप्रमाणे दीर्घ चित्रण अनेकदा सलग तुकड्यांत साठवलेले असते. केवळ मोठ्या फाइल निवडून घेतल्यास हे तुकडे जोडताना अडचण येऊ शकते.

त्यानंतर फाइलींची संख्या व एकूण आकार जुळवून पाहतात, काही चित्रणे उघडून तपासतात आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत ठेवतात. कार्ड 'इजेक्ट' करूनच रीडरमधून काढतात. संपादन कार्डावरून थेट न करता उतरवलेल्या प्रतीवर करतात.

उदाहरण: फलटण परिसरातील पालखी

संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढी वारीत सातारा जिल्ह्यातील लोणंद, तरडगाव, फलटण व बरड या मार्गाने जाते. तरडगावाजवळील चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते. अश्वाची धाव काही क्षणांत संपते आणि ती चित्रीकरणासाठी पुन्हा घडवून आणता येत नाही. त्यानंतर पालखी तरडगावकडे मार्गस्थ होते व पुढील मुक्कामाच्या चित्रीकरणासाठी कार्डे रिकामी करावी लागतात. अशा वेळी घाईने फॉरमॅट केलेले कार्ड त्या वर्षीच्या रिंगणाची एकमेव प्रत असू शकते. म्हणून दोन प्रती तयार होऊन तपासल्या जाईपर्यंत कार्ड वेगळे ठेवणे हिताचे ठरते. वारी पावसाळ्यात येत असल्याने ओलसर कार्ड पूर्ण कोरडे झाल्याखेरीज रीडरमध्ये घालत नाहीत.

चुकून पुसले गेल्यास

फॉरमॅट केल्यावर बहुधा फाइलींची नोंद पुसली जाते. मूळ माहिती नवे लेखन होईपर्यंत कार्डावर राहू शकते. त्यामुळे अशा कार्डावर पुढील चित्रीकरण तत्काळ थांबवल्यास पुनर्प्राप्ती प्रणालीद्वारे चित्रण परत मिळण्याची शक्यता असते. मात्र त्याची खात्री नसते.