खरा चटका, खोटा चटका

आज आपण टोमॅटोचा तिखट रस करणार आहोत. अर्धा किलो टोमॅटो आणा, पाच-सहा मध्यम आकाराचे. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटवर क्रेट रचलेले असतात ना, तसले घट्ट आणि अर्धवट लाल नकोत. ते लांबच्या प्रवासासाठी लवकर तोडलेले असतात. आपल्याला हवेत पूर्ण पिकलेले, लालबुंद, बोटाने दाबले तर जरासे दबणारे.

त्यातला एक टोमॅटो बाजूला काढा आणि कच्चाच मिक्सरमधून फिरवा. रस काचेच्या पेल्यात ओतून ओट्यावर ठेवून द्या. त्याला हात लावायचा नाही, फक्त अधूनमधून बघायचं.

आता उरलेल्यांकडे वळू. इथून पुढे गॅसजवळ आई, बाबा, आजी, कोणीतरी मोठं माणूस हवंच. स्टीलचं पातेलं घ्या. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको, कारण टोमॅटो आंबट असतो आणि आंबटाने त्या धातूचा अंश रसात उतरतो. रस कळकतो आणि मग तो फेकूनच द्यावा लागतो. एक टोमॅटो चिरायचा, चिरल्या चिरल्या गरम पातेल्यात टाकायचा आणि पावभाजीच्या मॅशरने चेचायचा. रस उकळायला लागला की दुसरा चिरायचा, लगेच आत. मग तिसरा. सगळे टोमॅटो आधी चिरून ताटलीत ठेवायचे नाहीत बरं का! या घाईलाच तर सगळा अर्थ आहे.

पाचेक मिनिटं उकळू द्या आणि पुरणाच्या चाळणीतून गाळा. सालं आणि बिया वर राहतील. बियांभोवतीचा बुळबुळीत भाग मात्र डावाने घासून नीट खाली उतरवा. टोमॅटोला जी भरलेली, जिभेवर रेंगाळणारी चव असते ना, ती देणारं ग्लुटामेट त्या बुळबुळीत भागात जास्त असतं. किकुनाए इकेडा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने 1908 मध्ये हीच चव एका समुद्री शेवाळाच्या कढणात शोधली आणि तिला नाव दिलं उमामी.

आता तो ओट्यावरचा पेला बघा. काय झालंय? लाल गर एकीकडे गोळा झालाय आणि पिवळसर पाणी वेगळं पडलंय. पातेल्यातला रस दुसऱ्या पेल्यात ओतून शेजारी ठेवा. तो बराच वेळ दाट आणि एकसारखा राहील. दोन्हींत टोमॅटोच आहेत, दुसरं काही घातलेलं नाही. मग असं का?

टोमॅटोमध्ये चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के पाणीच असतं. एवढं पाणी असूनही त्याचा रस दाट लागतो, तो पेक्टिनमुळे. टोमॅटोच्या पेशींच्या भिंती पक्क्या ठेवणारा हा चिकट पदार्थ. पेरूची जेली घट्ट होते तीही पेक्टिनमुळेच. पण त्याच टोमॅटोत पेक्टिनचे तुकडे करणारी एन्झाइम, म्हणजे विकरं, सुद्धा असतात. टोमॅटो पिकताना मऊ पडतो त्यात त्यांचा मोठा वाटा असतो. अखंड टोमॅटोत त्यांचं काम हळूहळू, बेताने चालतं. सुरी लागली, पेशी फुटल्या, की सगळं एकमेकांत मिसळतं आणि विकरं पेक्टिनवर तुटून पडतात. काही मिनिटांत पेक्टिनचे बारीक तुकडे होतात. मग गराला धरून ठेवायला कोणी उरत नाही आणि पाणी सुटतं.

विकरं म्हणजे विशिष्ट घडी घातलेली प्रथिनं. उकळत्या रसात ती घडी मोडते आणि त्यांचं काम कायमचं बंद पडतं. टोमॅटो चिरताक्षणी गरम पातेल्यात टाकला, तर पेक्टिनचे तुकडे व्हायला वेळच मिळत नाही. टोमॅटोचा रस आणि सॉस करणाऱ्या कारखान्यांतही दाटपणासाठी हीच घाई करतात.

ही झाली खरी उष्णता. आता खोटीकडे येऊ.

एक हिरवी मिरची उभी चिरा. आत देठाकडून खाली आलेली पांढरी शीर दिसते? बिया तिलाच चिकटलेल्या असतात. तिखटपणा बियांत असतो असं सगळे सांगतात, पण कॅप्सेसिन हे तिखट रसायन तयार होतं ते या पांढऱ्या भागात. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. (मिरचीचा हात डोळ्याला लावायचा नाही. आधी साबणाने धुवा.) चिरलेली मिरची आणि पाव चमचा तूप रसात टाकून पुन्हा एक उकळी काढा. तूप कशाला? कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुपात विरघळतं. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीनही तसंच. आजी साराला तुपाची फोडणी देते, तेव्हा ती या दोघांचीही सोय करत असते.

मिरची काढून टाका. भाजलेल्या जिऱ्याची पूड, चवीपुरतं मीठ, चिमूटभर साखर आणि चिमूटभर पादेलोण घाला. पादेलोणाला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, कारण त्यात गंधकाची संयुगं असतात. नाक मुरडू नका, रसात त्याची गंमत कळेल. अर्धा रस फ्रीजमध्ये गार करा, अर्धा कोमट ठेवा.

आधी गार रसाचा घोट घ्या. रस थंडगार आहे, तरी घोट घशाखाली उतरला की तोंड भाजायला लागतं! जीभ लाल होते, कपाळावर घाम येतो. थर्मामीटर लावला तर तोंड मुळीच तापलेलं नसेल. मग भाजतंय काय?

हे कोडं 1997 मध्ये अमेरिकेत डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेत सुटलं. त्यांना कॅप्सेसिन ओळखणारा संवेदक शोधायचा होता. वेदना जाणवणाऱ्या मज्जापेशींमधले असंख्य जनुकांचे तुकडे त्यांनी घेतले आणि कॅप्सेसिनचा काहीच परिणाम न होणाऱ्या पेशींत ते घालून पाहिले. अखेर एक जनुक असा सापडला, की तो मिळाल्यावर त्या पेशी कॅप्सेसिनला प्रतिसाद देऊ लागल्या. त्याच्यापासून बनणाऱ्या संवेदकाचं नाव टीआरपीव्ही-1. आणि गंमत अशी, की हा संवेदक मुळात उष्णतेचा निघाला! साधारण 43 अंश सेल्सियसच्या पुढे काही भाजायला लागलं की तो मेंदूला खबर देतो. दाराची घंटा पाहुण्याने वाजवली काय किंवा खोडकर पोराने वाजवली काय, आतल्या माणसाला आवाज एकच ऐकू येतो. कॅप्सेसिन हे ते खोडकर पोर. ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल पारितोषिक मिळालं ते उष्णता, थंडी आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा संवेदकांच्या शोधासाठी.

आता कोमट रसाचा घोट घ्या. तोच रस, तीच मिरची, पण जास्त तिखट लागेल. इथे खरी उष्णता आणि खोटी उष्णता दोघी मिळून एकाच संवेदकाला छेडतात. फारच झोंबलं तर पाणी पिऊन उपयोग नाही. दूध प्या, नाहीतर चमचाभर दही खा. त्यातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढून नेतं.

पोपट मात्र मिरच्या मिटक्या मारत खातो. पक्ष्यांमध्येही हा संवेदक असतो, पण त्याची घडण जराशी वेगळी असल्याने त्याला कॅप्सेसिन कळतच नाही. मिरचीच्या रानटी भाऊबंदांना हे फार सोयीचं पडतं. उंदरासारखे प्राणी बिया दातांनी चावून टाकतात, म्हणून तिखटाने ते लांब राहिलेलेच बरे. पक्ष्यांच्या पोटातून बिया धड बाहेर पडतात आणि दूरवर जाऊन रुजतात.

जशी खोटी उष्णता, तशी खोटी थंडीही असते. पेपरमिंटच्या गोळीतलं मेंथॉल थंडीच्या संवेदकाला असंच फसवतं. तो संवेदक 2002 मध्ये ज्यूलियस आणि पॅटापूटियन या दोघांनी वेगवेगळं काम करून शोधला. एक गोळी चघळा, मग तोंड उघडून जोरात श्वास आत घ्या. खोलीतली हवा होती तेवढीच गार आहे. बघा, कशी लागते ती!