फेर्माची सहावी संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या कागदावर लिहून घ्या. १ आणि ती स्वतः यांखेरीज आणखी कोणत्या संख्येने तिला नि:शेष भाग जातो का? २, ३, ५, ७, ११ यांनी करून पाहा, जात नाही. मग ही मूळ संख्या म्हणावयाची काय?

फेर्मा तसेच समजत होता. फ्रान्समधील तुलूझचा हा कायदेपंडित फावल्या वेळात गणित करी. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या येतात. पाचही मूळ! पुढची संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, तीच आपली वरची. या पद्धतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे त्याने १६४० साली पत्रांतून कळवले. सिद्धता आपणांजवळ नाही, हेही त्याने कबूल केले होते. प्रयोगशाळेत पाच बिंदू एका रेषेत आले की आम्ही भौतिकीवाले खुशाल रेघ ओढतो. गणितात तसे चालत नाही.

१७३२ साली ऑयलरने दाखवले, की या संख्येला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो.

ती मूळ आहे अशी खात्री करावयाची तर ६५,५३६ पर्यंतच्या सर्व, म्हणजे ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. पण ६४१ ही तर ११६ वीच मूळ संख्या! चिकाटीच्या माणसाला हे दोन-तीन दिवसांचे काम. फेर्माने ते का केले नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. पुढे ऑयलरने असेही सिद्ध केले, की या संख्येचा कोणताही अवयव ‘६४ ची पट अधिक १’ अशाच रूपाचा असतो. तशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारालाच चोर सापडतो!

भागाकार न करताही हे पटवता येते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता ६४१ ला २ च्या २८ व्या घाताने गुणा. गुणाकाराचे दोन भाग पडतात: ६४० चा चौथा घात आणि २ चा ३२ वा घात. या गुणाकारातून ‘६४० चा चौथा घात उणे १’ वजा करा. उरते नेमकी आपली संख्या! गुणाकाराला ६४१ ने भाग जातोच. वजा केलेल्या राशीलाही जातो, कारण ‘क चा चौथा घात उणे १’ हिचा ‘क अधिक १’ हा अवयव असतो. मग बाकीलाही गेलाच पाहिजे.

त्यानंतर फेर्माच्या यादीत सहावी मूळ संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही. २ चा घातांक ३२ पासून दुपटीने वाढत ४,२९,४९,६७,२९६ होईपर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त ठरल्या आहेत. त्यापुढचा घातांक ८,५८,९९,३४,५९२. ती संख्या लिहावयाची तर २५८ कोटींहून अधिक अंक लागतील. ती मूळ की संयुक्त, याचा निकाल अजून लागावयाचा आहे.